विणकामाच्या क्लासचा इअरफोन

मी इअरफोन बोलतोय. वायरीचा, काळा, उजव्या कानात जरा खरखरणारा. एकदाच बोलणार आहे, तेव्हा मध्ये तोंड घालू नका. आयुष्यभर तुमचं ऐकत आलो; आज तुम्ही ऐका.

आधीच सांगून टाकतो, मला माणसं आवडत नाहीत. तुम्ही म्हणाल, वीतभर तार आणि काय हा तोरा! असू दे. कानात बसून तुम्ही जेवढे कळता, तेवढे तुमच्या सख्ख्या आईलाही कळत नसाल. मला डोळे नाहीत. दोन बोंडं आहेत, ती तुमच्या कानात बोलतात. आणि गळ्यापाशी तांदळाच्या दाण्याएवढा मायक्रोफोन आहे, तो तुमचं ऐकतो. मी इकडचं तिकडे नेतो. खरं की खोटं, हे विचारायचा मला अधिकार नाही. तोच माझा राग आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या असायच्या. एक डाव्या बोंडाला तार जोडायची, दुसरी उजव्या बोंडाला, आणि शेवटची मला कानाला लावून दोन सेकंद ऐकायची आणि म्हणायची, ‘चालू’. दिवसभर तेवढा एकच शब्द. माझी पाळी आली तेव्हा तिला शिंक आली. उजव्या बोंडातली खरखर तिला ऐकूच गेली नाही. नाक पुसून ती म्हणाली, ‘चालू’. माझ्याबद्दल माणसानं उच्चारलेला पहिलाच शब्द खोटा होता. त्यानंतर तुमच्याबद्दल मला फारसं नवल वाटलं नाही.

बसस्टँडबाहेरच्या टपरीवर एका लिफ्टवाल्यानं मला विकत घेतलं. लिफ्टवाला म्हणजे उंच इमारतींत लिफ्ट बसवणारा कारागीर. सहा-सहा महिने परगावी काम, दहा जणांत एक खोली, मग दहा दिवस घरी. गळा गोड होता त्याचा. लिफ्टच्या रिकाम्या खड्ड्यात उतरून गाणी म्हणायचा, आणि खड्डा ती त्याला परत ऐकवायचा. तेवढ्यापुरता तो मला बरा वाटला, हे कबूल करतो.

मग कामाच्या जागी रक्ततपासणीचं शिबिर झालं. आठवड्यानं फोन आला. “रिपोर्ट आलाय. स्वतः येऊन भेटा.” तो गेला. मी त्याच्या खिशात होतो. समोरच्या बाईचा आवाज शांत होता. ती म्हणाली, “तुम्हाला एचआयव्ही आहे. घाबरू नका. रोज औषध घेतलंत तर म्हातारे होऊन मराल. विषाणू इतका दबून जाईल की तुमच्यापासून बायकोलाही लागण होणार नाही. पण औषध रोज, आणि तपासणीत तो दबलाय असं दिसेपर्यंत जपून. आणि बायकोला सांगा, तिचीही तपासणी करून घ्या. सांगाल ना?”

तो म्हणाला, “हं.”

दोन महिने त्यानं औषध घेतलं. मग खोलीतल्या कुणीतरी विचारलं, “काय रे, रोज कसल्या गोळ्या गिळतोस?” तो हसला, म्हणाला, ताकदीच्या आहेत. दुसऱ्या दिवशी बाटली खड्ड्यात टाकली. सातव्या मजल्यावरून बाटली पडली की आवाज यायला किती वेळ लागतो, ते मला माहीत आहे. पुढे दवाखान्यातून फोन यायचा, “औषध चालू आहे ना?” आणि माझ्या गळ्यातून त्याचं उत्तर जायचं, “हं.” त्या बाईला आणखी चाळीस फोन करायचे असायचे. तिनं विश्वास ठेवला.

असा तो घरी आला, दहा दिवस राहिला, बायकोजवळ झोपला आणि पुन्हा गेला. जाताना नवे बिनतारी इअरफोन घेऊन गेला. मला भिंतीच्या खिळ्यावर टांगून गेला. जुनी बॅगही टाकून गेला, अस्तर फाटलेली.

त्याची बायको एका लॉन्ड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या चादरी वाफेच्या इस्त्रीवर सपाट करायचं काम. आठ तास उभं राहून पाय सुजायचे. रविवारी ती बॅगेचं अस्तर शिवायला बसली आणि आत तिला दवाखान्याचा कागद सापडला. बोट ठेवून ठेवून तिनं तो पुटपुटत वाचला. ‘रोज घ्यावे’पाशी थांबून म्हणाली, “दहा दिवसांत एक गोळी घेताना दिसला नाही.” वाचून झाल्यावर कागद होता तिथे ठेवला आणि वरून टाके घातले. खिळ्यावरून मला फक्त सुईदोऱ्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. शिवण चार बोटांची होती.

लॉन्ड्रीला बुधवारी दुपारून सुट्टी. त्या बुधवारी ती दवाखान्यात गेली. तपासणी झाली, तीन महिन्यांनी पुन्हा झाली, दोन्ही वेळा रक्त स्वच्छ. नर्सबाई तिला म्हणाली, “सुटलीस. पण नशिबाच्या भरवशावर किती दिवस राहणार? दर आठवड्याला ये. तुझ्यासारख्या आणखी आहेत.”

“दर आठवड्याला इथे आले तर गल्लीभर होईल.”

“मग फोनवर ये. सगळ्या तशाच येतात.”

म्हणून मला खिळ्यावरून उतरवण्यात आलं. तिनं कपड्यानं दोन्ही बोंडं पुसली. कुणी मला पुसण्याची ती पहिलीच वेळ.

दर बुधवारी, दुपारी तीन वाजता. फोनच्या पडद्यावर सहा बायका, सहा चौकोनांत, आणि सातव्यात नर्सबाई. खरी नावं घ्यायची नाहीत असा नियम. आमच्या बाईनं नाव घेतलं इस्त्री. एक होती मास्तरीण, शाळेत शिकवणारी, बोलायला लागली की थांबवायला घंटाच हवी. एक पंखेवाली, तिच्यामागे पंखा करकरायचा. आणि एक नळवाली. ती न्हाणीघरात नळ सोडून बसायची, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. कॅमेरा बंद, तोंड बंद, नळ चालू. नऊ आठवडे ती एक शब्द बोलली नाही. पाण्याचा आवाज आला की नर्सबाई म्हणायची, “आली गं आपली बाई,” आणि पुढे जायची.

घरच्यांना सांगायला एक निमित्त हवं होतं, ते नर्सबाईनंच काढलं. विणकामाचा क्लास. प्रत्येकीनं हातात सुया आणि लोकर घेऊन बसायचं. स्वतः नर्सबाईला विणता येत नव्हतं. सहांतल्या पाच जणींना येत नव्हतं. पण कुणी खोलीत डोकावलं तर सुया हलताना दिसाव्यात.

त्या क्लासात मी काय काय ऐकलं! आजार कशानं होतो, कशानं होत नाही. बायकांनी वापरायचा निरोध कसा वापरायचा. मधूनच नर्सबाई घोगऱ्या आवाजात नवरा व्हायची आणि एकेकीनं तिला उत्तर द्यायचं.

“काय गं, तपासणी कर म्हणतेस? माझ्यावर विश्वास नाही?”

पंखेवाली म्हणाली, “विश्वास आहे हो. डोळे मिटून आहे. म्हणून तर कागद मास्तरीणबाईंना वाचायला देणारेय.”

सगळ्या हसल्या. माझ्या उजव्या बोंडात हसणं खरखरलं. इस्त्रीची पाळी आली तेव्हा पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्दही फुटला नाही. चौथ्या आठवड्यात ती म्हणाली, “मला मरायचं नाही.” एवढंच. पण आवाज न चोरता. मला तेव्हा वाटलं, ही पोरगी जमेल. मला माणसांबद्दल असं क्वचितच वाटतं, म्हणून सांगितलं.

आता सासू. तिच्याबद्दल चांगलं बोलायला मला सांगू नका.

तीस वर्षं तिनं कारखान्यात शाळेचे स्वेटर विणले होते. गुडघे गेले तेव्हा घरी बसली. बोटं रिकामी झाली आणि ती सगळी ताकद जिभेत आली. आतल्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. निखळली होती, आणि सासू म्हणायची, “कडी कशाला? कुणापासून लपायचंय?”

“काय महाराणी, संपला क्लास?”

“हो आई.”

“काय शिकवलं आज?”

“उलटा टाका.”

“तीन आठवडे उलटाच? सुलटा कधी, पुढच्या जन्मी?”

इस्त्रीला कुठे माहीत होतं की समोरच्या बाईशी विणकामाबद्दल खोटं बोलणं म्हणजे सोनाराला पितळ विकणं. दर आठवड्याला ती दहा ओळी कशाबशा विणायची, टाके सुटायचे, पुढच्या बुधवारी सगळं उसवून लोकर पुन्हा गुंड्यावर गुंडाळायची. आणि पुन्हा त्याच दहा ओळी. सासूनं एकदा ती कामावर गेल्यावर नवव्या ओळीत स्वतःचा एक पांढरा केस ओवून ठेवला. पुढच्या बुधवारनंतर तिनं ओळी बोटांनी चाचपल्या. ओळी दहाच, पण केस गायब. कारखान्यात कामचुकार पोरी पकडायची ही तिची जुनी पद्धत होती.

“विणतच नाही ही,” ती स्वतःशी म्हणाली. “मग तास तास फोनवर करते काय?”

तुमच्यासारख्या माणसाला जे सुचेल तेच तिला सुचलं. फोनवर पुरुष आहे. आपलं पोर तिकडे खड्ड्यात उतरतंय आणि इथे ही कुणाशी तरी गुलुगुलु बोलतेय.

याच सुमारास नर्सबाईनं इस्त्रीला गोळ्या दिल्या. आजार होऊ नये म्हणून निरोगी माणसानं रोज घ्यायची गोळी. लिफ्टवाला यायला साडेतीन आठवडे होते. नर्सबाईनं बजावलं, “पहिल्याच दिवशी पुरतं संरक्षण मिळत नाही. आधीपासून रोज घ्यायची, एकही न चुकता. तो येईपर्यंत तयार असलीस पाहिजे.” इस्त्रीनं गोळ्या पुडीत बांधल्या आणि पुडीभोवती लोकर गुंडाळली. त्यानंतर ती मुद्दामच उसवायला लागली. गुंडा बारीक होऊन चालणार नव्हतं.

दहा दिवस गेले. बुधवार आला. तीन वाजून पाच मिनिटांनी बाहेरून हाक.

“अगं ए! गुडघ्याचं मलम संपलंय.”

“आई, अर्ध्या तासानं जाते.”

“अर्ध्या तासानं मी उठण्यासारखी राहीन का ते बघ. आत्ता जा.”

इस्त्री माझ्यात कुजबुजली, “दोन मिनिटांत आले गं.” कॅमेरा बंद केला, मला कानातून काढून उशीवर टाकलं, फोन उशीखाली सरकवला आणि धावली. चूक एवढीच झाली की घाईत मायक्रोफोन बंद करायचा राहिला.

बाहेरचं दार लागलं. लगेच चपला फरपटल्या. उठता न येणाऱ्या बाईच्या मानानं पावलं फारच चपळ होती. कडी नसलेलं दार उघडलं, आणि मी सासूच्या कानांत गेलो. तीस वर्षं यंत्रांचा खडखडाट ऐकून ते कान निबर झाले होते. तिनं मला खोल दाबलं. पुरुषाचा आवाज येण्याची ती वाट बघत होती.

आवाज आला नर्सबाईचा. “खुडबुड ऐकू आली. इस्त्री, आलीस का?”

सासू म्हणाली, “हं.”

बाईच्या ‘हं’ला वय नसतं. विशीतली असो की सत्तरीतली, दमलेल्या बाईचा हुंकार सारखाच असतो. तो माझ्या गळ्यातून गेला आणि पलीकडे सहाही जणींना इस्त्रीचा वाटला. मला घसा आवळता आला असता तर आवळला असता. मी नेला. मी तार आहे.

“बरं,” नर्सबाई म्हणाली. “गोळ्यांना दहा दिवस झाले ना? एकही चुकली नाही?”

“हं.”

“छान. तो पुन्हा औषध घ्यायला लागत नाही तोवर तुझी ढाल तूच. तो दुष्ट नाही, घाबरट आहे. पण त्याच्या भीतीपायी तू का मरायचं?”

मास्तरणीला राहवलं नाही. “आणि म्हातारीला पत्ता नाही ना अजून? लेकाला एचआयव्ही आहे म्हणून?”

या वेळी ‘हं’ आलं नाही. सासूचा श्वास माझ्या मायक्रोफोनवर आदळत राहिला, बस्स. पलीकडच्यांना वाटलं, इस्त्री रडतेय. आणि तेव्हा, नऊ आठवड्यांत पहिल्यांदा, नळ बंद झाला.

“रडू नकोस गं,” नळवाली म्हणाली. तिचा आवाज कोवळा होता. मला तो म्हाताऱ्या बाईचा असेल असं वाटायचं. “मी आज बोलणारच होते. तुझं ऐकून धीर आला. मी बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहते. माझ्याकडेही तीच गत आहे. मलाही त्या गोळ्या हव्यात. पण हा माझी पर्स रोज पलंगावर उलटी करून बघतो, गादीखाली हात घालतो, पिठाच्या डब्यातसुद्धा. तू कुठे लपवतेस गं? तेवढं सांग.”

सासूनं गुंडा हातात घेतला असणार. सुया एकमेकींवर वाजल्या. ती हळू आवाजात म्हणाली, “लोकरीत. लोकरीच्या गुंड्यात आहेत.”

पलीकडे कुणाच्या तरी सुया खाली पडल्या.

“कोण बोलतंय?” नर्सबाईनं विचारलं.

“मी तिची सासू.”

माणूस निघून गेलं की फोनवर एक बारीक ‘टुंग’ वाजतं. टुंग. टुंग. पंखा गेला. मास्तरीण “अगबाई” म्हणाली आणि गेली. टुंग. नर्सबाई एकटीच राहिली. “आई, ऐका, फोन ठेवू नका, मी सांगते—” सासूनं मला कानातून ओढून काढलं.

इस्त्री मलम घेऊन आली तेव्हा सासू पलंगावर गुंडा उलगडत बसली होती. लोकर गुडघ्यांवरून जमिनीवर घसरताना ऐकू येत होती.

“बस.”

“आई, ते—”

“बस म्हणते ना. ह्या कसल्या?”

“गोळ्या.”

“त्या मला दिसताहेत. आंधळी नाही मी. माझ्या पोराला काय झालंय?”

“तुमच्या पोराला विचारा.”

“तोंड वर करून बोलतेस? साऱ्या जगाला सांगितलंस आणि मला विचारा म्हणतेस? सहा-सहा घरांत माझ्या लेकाची अब्रू टांगलीस!”

“त्या बायकांना ह्यांचं नावही माहीत नाही. माझंही नाही.”

“आणि मी कोण होते? मी काय भिंत होते?”

“हो,” इस्त्री म्हणाली. मलमाची डबी तिनं खाली आपटली. “भिंतच होता. कान असलेली. आज माझ्या मैत्रिणींना पळवून लावलंत तुम्ही. त्यातली एक नऊ आठवड्यांनी आज पहिल्यांदा बोलली होती.”

सासूजवळ लोकर कापायची कात्री कायम असायची. तिला इस्त्रीला मारायचं होतं की स्वतःला, मला ठाऊक नाही. हाताला लागलो मी. मायक्रोफोनच्या खाली दोन बोटं, तिथे कात्री चालली. एकच ‘कच’.

मेलो नाही. तुटल्यावरही ऐकू येतं. फक्त कुणाला पोचवता येत नाही. माझ्या तुकड्यानं लोकरीच्या पिशवीचं तोंड बांधलं गेलं. वरच्या बोंडांसकट. सासू काही फुकट घालवत नसे. आणि गोळ्या तिच्या मुठीत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी इस्त्री कामावर गेल्यावर तिनं स्टूल ओढलं, माळ्यावरून बॅग काढली. अस्तरावर हात फिरवला. “हे माझ्या पोराचे टाके नाहीत,” म्हणाली, आणि उसवले. सासूला वाचता येत होतं, हे तिचं दुर्दैव. कागद एकदा खडखडला, मग बराच वेळ खडखडला नाही. ती रडली का? असेल. मी तिची बाजू मांडायला बसलेलो नाही. मुलाच्या बॅगेशी बसून रडणाऱ्या बाईची कीव तुम्हीच करा, तुम्हाला सवय आहे. मी तेव्हा बेकरीच्या वरच्या मजल्याचा विचार करत होतो.

त्या दिवशीची इस्त्रीची गोळी चुकली. तिनं दोनदा मागितली. सासूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्टीलचा पेला टेबलावर आपटला.

“गीळ.”

इस्त्री बघत राहिली असावी.

“बघतेस काय? गीळ. माझ्यासमोर. आणि उपकार म्हणून नाही हं. तो आजारी, तू आजारी, मग माझं कोण करणार? तुझ्या त्या मास्तरीणबाई?”

पाण्याचा घोट गेला. मग इस्त्री म्हणाली, “काल चुकली तुमच्यामुळे.”

“कळलं. आजपासून रोज मी हाक मारीन.”

आणि तिनं मारली. रोज सकाळी, शेजाऱ्यांना वाटावं की सुनेला शिव्याच घालतेय, अशा सुरात. “उठलीस का, महाराणी? तुझं गिळायचं राहिलंय!” दोघी त्यापलीकडे एकमेकींशी बोलत नव्हत्या. गोड झालं असं समजू नका. इस्त्रीनं तिला माफ केलं नाही, मीही नाही.

दोन आठवड्यांनी, शनिवारी, लिफ्टवाला आला. बॅग दारात टाकली, नेहमीसारखं गुणगुणत आत निघाला.

“थांब,” सासू म्हणाली. “तुझं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलंय.”

“का?”

“तुझी जुनी बॅग उसवली मी. शिवण विरली होती. आत कागद सापडला.”

गुणगुणणं थांबलं. बॅग इस्त्रीनं आधी उघडली होती, हे सासू बोलली नाही. नंतरही कधी बोलली नाही.

“हिनं सांगितलं तुला?” त्यानं विचारलं. आवाजाला धार होती.

“तिला तोंड आहे कुठे? शेळी आहे ती. मी वाचलं. ‘रोज घ्यावे’ असं लिहिलंय त्यावर. घेतोस?”

“हं.”

“हं म्हणजे काय? हो की नाही?”

त्यानं बॅगेची चेन ओढली.

“खोटं बोलू नकोस माझ्याशी. तुझ्या ‘हं’ची सवय मला तू बोबडं बोलत होतास तेव्हापासून आहे. अभ्यास केलास? हं. दूध प्यायलास? हं. दूध मोरीत ओतलेलं असायचं. सोमवारी दवाखाना. मी येणार बरोबर. डॉक्टरीणबाई सांगेपर्यंत आतल्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.”

“आई, लोक काय म्हणतील?”

“लोकांना सांग, आईचे गुडघे दुखतात, रात्री उठवायला लागतं. लोकांना काय, काहीही चालतं.”

तो खूप बोलला. आईला नको ते बोलला. ताट फेकलं. ते फिरत फिरत बसलं तेव्हाचा आवाज मला अजून आठवतो. सासू दाराला पाठ लावून बसून राहिली. कडी नव्हतीच, तीच कडी झाली. सोमवारी तो दवाखान्यात गेला. पायांत बेड्या असल्यासारखा गेला, पण गेला.

क्लास मात्र बंद पडला होता. नर्सबाईनं बरोबरच केलं. एक अनोळखी ‘हं’ आत शिरला की ती खोली सुरक्षित राहत नाही. पाच आठवडे कुणाला फोन नाही. मग इस्त्रीच लॉन्ड्रीतून परस्पर दवाखान्यात गेली, सगळं सांगितलं, आणि नवा नियम झाला: आत येताना प्रत्येकीनं एक क्षण चेहरा दाखवायचा, आणि परत आलं की नुसतं ‘हं’ नाही, स्वतःच्या तोंडानं पूर्ण वाक्य बोलायचं.

आता बुधवारी तीन वाजता इस्त्री फोन मोठ्यानं लावते. माझी गरज उरलेली नाही. सासू बाहेर उंबऱ्यावर बसते, गुडघ्यांना मलम चोळत. शेजारीण आली की भुंकते, “आत क्लास चाललाय, नंतर ये!” तिथून तिला आतलं सगळं ऐकू येतं, हे इस्त्रीला माहीत आहे. म्हणून सासू तो तासभर मोठमोठ्यानं टाके मोजत विणते. अख्खा स्वेटर झालाय तिचा. क्लासला दाखवायला काहीतरी हवं ना, म्हणते. इस्त्रीनं त्याबद्दल तिला अजून धन्यवाद दिलेले नाहीत, आणि मला त्याचं बरं वाटतं.

पडद्यावर आता बायकांचे पाचच चौकोन आहेत. पंखा आहे, मास्तरीण आहे. पाण्याचा आवाज नाही. नर्सबाई दर बुधवारी सुरुवातीला क्षणभर थांबते, नळ ऐकू येईल म्हणून. मग पुढे जाते.

मी पिशवीच्या तोंडाला बांधलेला आहे. तांबं उघडं पडलंय, उजवं बोंड कुठे तरी गळून गेलं, खरखरीसकट. मला फेकून दिलंत तरी चालेल. तुमच्याकडून मला काही नको होतं, आजही माझ्यासाठी नको.

पण नळवालीसाठी एक मागतो. जाण्यापूर्वी तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं. चुकीच्या तोंडून, चोरट्या कानातून, पण मिळालं होतं. ‘लोकरीत.’ तेवढं तिनं नक्की ऐकलं. त्यानंतरच तिचं टुंग वाजलं. मी नेलेल्या सगळ्या शब्दांत तो एकच असा आहे की ज्याच्यावर मी आशा लावून बसलोय.

तेव्हा तुमच्या ओळखीत, एखाद्या बेकरीच्या वर, कुणी पोरगी अचानक विणायला लागली असेल, महिनोन्‌महिने त्याच दहा ओळी विणत आणि उसवत असेल, गुंडा काही बारीक होत नसेल, तर हुशारी दाखवू नका. केस ओवू नका. दार ओढून घ्या आणि बाहेर बसा.

ओळी मोजू नका.